संजाणचा सुभेदार मधुमति

मधुमती म्हटले की मराठी वाचकाला १९५८ सालचा बिमल रॉय यांचा चित्रपट आठवतो, वैजयंतीमाला आठवते आणि सलील चौधरींच्या चाली. पालघर जिल्ह्याच्या इतिहासात मात्र या नावाचा एक पुरुष होऊन गेला. तो राष्ट्रकूटांचा मोठा अधिकारी होता. वंशाने अरब म्हणवला जाई. शके ८४८ मध्ये, म्हणजे इ.स. ९२६ साली, त्याने एका देवीच्या मठाला गाव इनाम करून दिले. त्याच्या वडिलांनी ठेवलेले नाव महंमद असणार, असे या दानाच्या ताम्रपटाचा अभ्यास करणारे मानतात. संस्कृतात ते मधुमति झाले.

हे समजले ते चिंचणीच्या ताम्रपटांमुळे. चिंचणी म्हणजे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव, तारापूरच्या खाडीच्या उत्तरेला. विरारहून डहाणू रोडची लोकल पकडली तर वाणगाव किंवा बोईसरला उतरून तिथे जाता येते. या गावात १९५० च्या दशकात ताम्रपटांचा एक संचच जमिनीत मिळाला. त्यांत राष्ट्रकूटांचेही लेख होते आणि शिलाहारांच्या मांडलिकांचेही. दिनेशचंद्र सरकार या पुराभिलेखतज्ज्ञाने ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बत्तिसाव्या खंडात छापले, आणि कोकणच्या इतिहासात एक अनपेक्षित पाहुणा दाखल झाला.

लेखाचा मजकूर थोडक्यात असा. दुसऱ्या कृष्णाने मधुमतीला संयान मंडल, म्हणजे संजाण आणि त्याभोवतीचा मुलूख, कारभारासाठी दिला होता. तो ताजिक होता. त्याच्या वडिलांचे नाव लेखात ‘सहियारहार’ असे येते. त्यामागे शहरियार हे इराणी नाव दिसते. त्याने आजूबाजूच्या बंदरांचे प्रमुख जिंकून तिथे आपली माणसे बसवली. जवळच्या दोन प्रवाहांवर त्याने फुकट तरी चालू केली, म्हणजे उतारूंना पैसे न घेता पलीकडे सोडणारी नाव. एक अन्नछत्रही घातले. तिथे काय वाढत ते ताम्रपटाने नोंदवले आहे: साळीचा भात, कालवण आणि तूप. पुढे तिसऱ्या इंद्राच्या काळात, राजाच्या संमतीने, त्याने संजाणच्या देवीच्या मठिकेला कानडुक नावाचे गाव आणि देवीहार गावातली काही जमीन दिली. मठाची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि पंचगौडीय महापर्षदेतल्या नऊ जणांचे भोजन हा त्या दानाचा उद्देश.

म्हणजे देवी हिंदूंची, मठ एका ब्राह्मणाने बांधलेला, राजा मान्यखेटचा कानडी मुलखातला आणि दान देणारा महंमद. दहाव्या शतकातल्या उत्तर कोकणात यात कोणाला काही विशेष वाटलेले दिसत नाही. ताम्रपट लिहिणाऱ्याने अधिकाऱ्याचे वर्णन अगदी रुळलेल्या दरबारी भाषेत केले आहे, आणि त्याला ‘सुगतिप’ असे आणखी एक नावही बहाल केले आहे.

‘ताजिक’ या शब्दाकडे जरा वळून पाहायला हवे. ताय्यी नावाच्या एका अरब टोळीवरून इराणी लोक सरसकट सर्व अरबांना त्या नावाने हाक मारू लागले आणि तेच नाव आपल्याकडे ‘ताजिक’ होऊन आले. पंचांगवाल्या मंडळींना ते परके नाही. वर्षफलाच्या ज्योतिषाला ताजिक म्हणतात, त्यातला ‘मुंथा’ अरबीतून आला आहे आणि नीलकंठाची ‘ताजिकनीलकंठी’ १५८७ सालची आहे. हाच शब्द नवसारीच्या इ.स. ७३९ च्या ताम्रपटात शत्रूसाठी येतो. चालुक्यांच्या अवनिजनाश्रय पुलकेशीने दक्षिणेकडे निघालेल्या ताजिक सैन्याचा पराभव केला, त्याचा तो गौरव आहे. नवसारी ते संजाण हे अंतर काही फार नाही. दोनशे वर्षांच्या आत त्याच पट्ट्यात आक्रमक ताजिकाच्या जागी कारभारी ताजिक दिसतो. हा बदल तलवारीने झालेला नाही. पश्चिम किनाऱ्यावर येणारी गलबते, त्यांवरची जकात आणि राष्ट्रकूटांना त्या जकातीची असलेली गरज यांनी तो घडवला.

आता नावाकडे. महंमदचे मधुमति कसे झाले?

पहिल्यांदा वाटते की परक्या नावाची ही मोडतोड आहे. लेखकाला उच्चार जमला नाही, त्याने जवळचा शब्द ठोकून दिला. पण यात एक पक्का हिशेब आहे आणि तो मराठी माणसाला चटकन कळण्यासारखा आहे. संस्कृतातला शब्दामधला ‘ध’ प्राकृतात येताना अनेकदा ‘ह’ होतो. गोधूमचा गहू, दधिचे दही, बधिरचा बहिरा. पालघरच्या जंगलातला मोह हासुद्धा मूळचा मधूक. म्हणून ‘मधु’ हा शब्द बोलीत ‘महु’ असा ऐकू येत असे. दहाव्या शतकातल्या पंडिताच्या कानावर ‘महुमद’ असे नाव पडले तेव्हा त्याने ते बोलीतले रूप समजून उलट दिशेने पावले टाकली. ‘महु’ म्हणजे मूळचे ‘मधु’ असणार. उरले ‘मद’, ते झाले ‘मत’ किंवा ‘मति’. राजशासन संस्कृतात लिहायचे, तर नावही संस्कृतात हवे. मधुमति हे रूप व्याकरणातही बसते. ज्याची मति मधुर आहे तो मधुमति. शेवटची वेलांटी ऱ्हस्व आहे, त्यामुळे नाव पुरुषाचेच राहते. नियम पाळून केलेले हे काम आहे, आणि ते करणारा माणूस हुशार होता याबद्दल शंका नको.

संस्कृत लेखकांची ही हौस नंतरही टिकली. ‘सुलतान’ या अरबी शब्दाचे त्यांनी ‘सुरत्राण’ केले, म्हणजे देवांचा रक्षक. विजयनगरच्या राजांनी तर ‘हिंदुराय सुरत्राण’ अशी बिरुदावलीच धारण केली. ‘अमीर’चे ‘हम्मीर’ झाले. पुढे ते रजपुतांचे विशेषनाव बनले, आणि मराठ्यांचे सरनौबत हंसाजी मोहिते यांना मिळालेला ‘हंबीरराव’ हा किताबही त्याच वंशातला असावा असे मानले जाते.

मूळ अरबी नावाचा पाया तीन व्यंजनांचा आहे: ह, म, द. यातला ‘ह’ घशाच्या तळातून काढायचा, आपल्या ‘हत्ती’तला नव्हे. या तीन व्यंजनांच्या धातूचा अर्थ स्तुती करणे. हम्द म्हणजे स्तुती; ‘अल्हम्दुलिल्लाह’मध्ये तोच शब्द आहे. अरबीत धातूची व्यंजने कायम ठेवून स्वर आणि उपसर्ग बदलले की नवे शब्द निघत जातात. ज्याची पुन्हा पुन्हा, भरपूर स्तुती झाली तो मुहम्मद. ज्याची स्तुती झाली तो महमूद. अधिक स्तुतीला पात्र तो अहमद. स्तुती करणारा हामिद आणि स्तुत्य तो हमीद. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ कथेतला चिमटा विकत घेणारा पोरगा हामिद आहे. मराठीतले विचारवंत दलवाई हे हमीद. चिपळूणजवळच्या मिरजोळीत १९३२ साली जन्मलेल्या आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणाऱ्या या माणसाचे नाव आणि संजाणच्या सुभेदाराचे नाव एकाच धातूतून निघालेले आहे.

प्रेषितांच्या जन्माआधीही अरबस्तानात हे नाव होते, पण विरळ. इ.स. ५७० च्या सुमारास मक्केत जन्मलेल्या नातवाचे हे नाव आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी ठेवले, अशी परंपरा सांगते. कुराणात ‘मुहम्मद’ हे नाव फक्त चार वेळा येते आणि ‘अहमद’ एकदा. प्रेषितांच्या निधनानंतर, इ.स. ६३२ पासून, ते जगभर पसरले आणि इतके पसरले की ओळख पटवण्यासाठी त्याचा उपयोगच राहिला नाही.

याचा पुरावा वसईकरांच्या घरचाच आहे. सोपारा, म्हणजे आजच्या वसई-विरार महानगरपालिकेतला नालासोपाऱ्याचा जुना भाग, हे अरब भूगोलकारांचे परिचयाचे बंदर होते. दहाव्या शतकातल्या इब्न हौकलने हिंदच्या शहरांमध्ये त्याची गणना केली. अकराव्या शतकात अल्बेरूनीने किनाऱ्यावरची ठिकाणे क्रमाने सांगताना संजाण आणि ठाणे यांच्यामध्ये सोपारा बसवले. बाराव्या शतकात सिसिलीच्या राजा रॉजरच्या दरबारात बसून अल् इद्रिसीने त्याचे वर्णन गजबजलेली पेठ असे केले. या तिघांचेही पाळण्यातले नाव महंमद. पण तसे त्यांना कोणीच ओळखत नाही. एक हौकलचा मुलगा म्हणून ओळखला जातो, दुसरा बेरूनचा म्हणून आणि तिसरा इद्रिसाच्या घराण्यातला म्हणून. बीजगणिताचा ख्वारिझ्मी आणि जगप्रवासी इब्न बतूता यांचीही हीच कथा. अरबी पद्धतीत माणसाला स्वतःचे नाव असते, बापाचे असते, मुलावरून पडलेले ‘अबू अमुक’ असे असते, गावावरून किंवा कुळावरून पडलेले असते. पहिले नाव सगळ्यांचे सारखे झाले की बाकीची कामाला येतात. कोकणात एकाच वाडीत चार तुकाराम झाले की माणसे आडनावावर, घराण्याच्या नावावर किंवा चक्क टोपणनावावर जातात, तसेच हे.

या भूगोलकारांनी आपल्या गावांच्या नावांचे काय केले तेही पाहण्यासारखे आहे. अरबीत ‘प’ नाही, म्हणून सोपाऱ्याचे ‘सुबारा’ झाले. ‘च’ नाही, म्हणून चेमूल म्हणजे चौलचे ‘सैमूर’ झाले. संजाणचे ‘सिंदान’. राष्ट्रकूट राजांची ‘वल्लभराज’ ही पदवी प्राकृतातून जाताना ‘बल्लहराय’ झाली होती; अरबांनी ती ‘बल्हरा’ म्हणून टिपली, आणि हा बल्हरा अरबांशी सर्वांत चांगला वागणारा राजा आहे असे इ.स. ८५१ च्या सुमाराच्या व्यापारी वृत्तांतात लिहून ठेवले. इकडे महंमदचा मधुमति होत होता, तिकडे वल्लभराजाचा बल्हरा. देवघेव बरोबरीची होती. नंतर पोर्तुगीजांनी वसईचे ‘बासाईं’ केले, इंग्रजांनी त्याचे ‘बसीन’ केले आणि वसईकरांनी पोर्तुगीजांच्या लोपेसचे ‘लोपीस’ केले. या किनाऱ्याला नावे वळवून घेण्याची सवय जुनी आहे.

मसूदी हा बगदादचा प्रवासी इ.स. ९१६ च्या सुमारास चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे तो लिहितो. त्यांतल्या हिंदमध्येच जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ म्हणत. त्यांचे आपसातले खटले चालवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमत असे. मसूदीच्या वेळी त्या जागेवर अबू सईद मारूफ बिन जकारिया होता आणि राजा होता शिलाहार झंझ. मसूदीची भेट आणि मधुमतीचा ताम्रपट यांत जेमतेम दहा वर्षांचे अंतर आहे. म्हणजे संजाणचा सुभेदार हा काही चुकून वाट फुटून आलेला एकटा माणूस नव्हता. त्याच्यामागे चौलपासून खंबायतपर्यंतची वस्ती होती.

चिंचणीचेच आणखी ताम्रपट या वस्तीची पुढची गोष्ट सांगतात. इ.स. १०३४ मध्ये शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याने संजाणच्या कौतुक मठिकेला एक घाणा दिला. त्या घाण्यातल्या तेलाने भगवतीपुढचा दिवा लावायचा आणि मठात येणाऱ्या अभ्यासकांच्या पायांना तेल चोळायचे. ज्यांना उद्देशून हे शासन काढले त्या नगरजनांमध्ये ‘हंयमन’ म्हणजे पारशांची अंजुमन आहे, आणि प्रमुखांमध्ये अल्लिय, महर आणि मधुमत अशी नावे आहेत. अल्लिय म्हणजे अली. मधुमत म्हणजे आपला ओळखीचा. सुभेदारानंतर शंभर वर्षांनीही संजाणच्या कारकुनाच्या लेखणीत नावाचे तेच वळण टिकून होते, फक्त शेवटची वेलांटी गेली होती. याच मठाच्या शेजारी भिल्लमालच्या, म्हणजे राजस्थानातल्या भीनमाळच्या, व्यापाऱ्यांनी मधुसूदनाचे देऊळ बांधले होते आणि जागेवरून दोघांत तंटाही झाला होता. मधुसूदन आणि मधुमति, दोघांची वस्ती एकाच गावात!

दक्षिणेला गोव्यातही तेच. कदंब राजा पहिला जयकेशी याच्या अकराव्या शतकातल्या ताम्रपटात ताजिक घराण्यातल्या ‘मधुमद’ नावाच्या धनाढ्य दर्यावर्दीचा उल्लेख आहे. त्याच्या वंशजाला जयकेशीने मोठा अधिकार दिला, आणि त्याने उभारलेल्या ‘मिजिगिती’साठी बंदरात येणाऱ्या गलबतांकडून शुल्क घेण्याची परवानगीही दिली. मिजिगिती म्हणजे मशीद. हा शब्द मात्र ‘मधु’ इतका गोड जमलेला नाही.

उत्तरेत गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. गझनीच्या महमुदाने लाहोरला इ.स. १०२७-२८ मध्ये चांदीचे दिरहम पाडले. त्यांच्या एका बाजूवर इस्लामच्या कलम्याचा संस्कृत अनुवाद आहे. त्यात प्रेषिताला ‘मुहम्मद अवतार’ म्हटले आहे आणि खुद्द सुलतानाला ‘नृपति महमूद’. एकाच धातूची दोन नावे एका नाण्यावर, तीही संस्कृतात. सोमनाथवर स्वारी करणाऱ्याच्या टांकसाळीतून प्रेषिताला अवतार म्हणणारे नाणे निघावे, यावर धर्मशास्त्र्यांनी काय म्हटले असते कोण जाणे. खजिन्याला मात्र स्थानिक माणसाने वाचावे असे नाणे हवे होते. त्याच सोमनाथच्या शेजारी वेरावळला इ.स. १२६४ चा संस्कृत शिलालेख आहे. होर्मुझचा नाखुदा नूरुद्दीन फिरोज याने बांधलेल्या मशिदीचा तो लेख. त्यात विक्रम, वलभी आणि सिंह संवतांच्या जोडीला ‘रसूल महंमद संवत ६६२’ अशी हिजरी सनाची नोंद आहे. तोपर्यंत पंडितांना मूळ उच्चार ऐकून ऐकून पाठ झाला होता, आणि मधुमति मागे पडून महंमद हे रूप उरले. मराठीत पुढे हेच चालत आले.

सुलतानांच्या राज्यात या नावांचा सुळसुळाट झाला. इ.स. १४३० च्या सुमारास उत्तर कोकणच्या बेटांवरून, माहीमवरून, दोन सत्ता भिडल्या. एका बाजूला गुजरातचा सुलतान अहमदशहा, दुसऱ्या बाजूला बहमनी सुलतान, तोही अहमदशहा! गुजरातच्या अहमदशहाने १४११ साली अहमदाबाद वसवले होते. बहमनी अहमदशहाने आपली राजधानी बीदरला नेली आणि तिचे नाव मुहम्मदाबाद ठेवले. पुढे मलिक अहमदने अहमदनगर वसवले. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. वसई स्वतः गुजरातच्या सुलतानांकडे होती. महमूद बेगडाच्या वंशातल्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहाने ती पोर्तुगीजांना दिली. बेगड्याचे ‘महमूद’ हेही त्याच धातूचे भावंड.

मराठीने या नावाला दोन टोकांची माणसे जोडली. एकीकडे दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवणारा ‘वेडा महंमद’ तुघलक. त्याचे मूळ नाव मागे पडून घराण्याचे नाव भाषेत राहिले आणि आजही बिनडोक सरकारी हुकमाला आपण तुघलकी म्हणतो. दुसरीकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद. चांद बोधले यांचे शिष्य, ‘योगसंग्राम’चे कर्ते, वारकऱ्यांनी संत म्हणून मानलेले. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले हे त्यांना मानत. त्यांचे नाव मराठी हस्तलिखितांत ‘महंमद’, ‘महमद’ अशा वेगवेगळ्या रूपांत येते आणि कोणालाही त्यात अडचण वाटत नाही.

मालोजींचे नाव निघाले की आणखी एका अरबी नावाची हकीकत सांगावीच लागते. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला नवस बोलून झालेल्या मुलांची नावे मालोजींनी शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. ‘शरीफ’ म्हणजे कुलीन. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत पडले, पण नाव भोसल्यांच्या घरात राहिले. तंजावरला गेल्यावर त्याचे ‘सरफोजी’ झाले. सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणणारे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) हे या नावाचे सर्वांत प्रसिद्ध मानकरी. ‘दौलत’ हाही अरबी शब्द. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला, तो मोडायला उभे राहिलेल्यांत दौलतराव शिंदे होते. फकिरा, साहेबराव, दौलतराव ही नावे आज कोणाला अरबी वाटत नाहीत. महंमदच्या वाट्याला मात्र हे आले नाही, कारण प्रेषिताच्या नावाला धर्माची ओळख चिकटलेली आहे. मधुमतीच्या वेळी तशी ती नसावी, निदान ताम्रपट लिहिणाऱ्याच्या लेखी तरी.

आजच्या वापरात या नावाची एक खास रीत आहे. अनेक घरांत ते मुलाच्या नावाआधी बरकतीसाठी लावतात आणि हाक मारतात ती दुसऱ्या नावाने. मोहम्मद रफींना जग रफी म्हणते. घरात, गल्लीत, शाळेत याची अडचण नसते. अडचण येते खिडकीपाशी. जन्मदाखल्यावर ‘महंमद’, शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर नुसते ‘मो.’ आणि पासपोर्टवर आणखी चौथेच काही. एकाच माणसाचे चार माणसांत रूपांतर होते आणि मग प्रतिज्ञापत्र करत बसावे लागते. जुन्या मराठी छापील मजकुरात ‘महंमद’ हेच रूप रूढ होते. हिंदी बातम्यांच्या आणि दूरचित्रवाणीच्या ओघात ‘मोहम्मद’ वरचढ झाले. दोन्ही चालतात, पण मराठीच्या तोंडाला पहिले अधिक सरावाचे आहे.

नाव लपूनही बसते. संतसाहित्याचे अभ्यासक आणि १९९० च्या पुण्यातल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण यांचे नाव मराठी रिवाजाप्रमाणे आद्याक्षरांत लिहिले जाते. त्यातला ‘म.’ म्हणजे वडिलांचे नाव, महंमदखान. वि. स. आणि पु. ल. यांच्या पंगतीत तो ‘म.’ इतका सहज बसला की महंमदचा म, माधवचा म आणि मधुकरचा म यांत फरक उरत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये ज्या संमेलनाचे अध्यक्ष झाले ते उस्मानाबादला भरले होते. त्या गावाचे नाव निजाम मीर उस्मान अली खानावरून पडलेले होते. आता ते धाराशिव आहे. मूळ अरबी उच्चार ‘उथ्मान’च्या जवळचा. इराणी आणि तुर्की जिभेला तो ‘थ’ पेलला नाही, त्यांनी त्याचा ‘स’ केला आणि आपण तो तयार माल घेतला. पोर्तुगीज ‘द ब्रिटो’चे ‘दिब्रिटो’ आणि अरबी ‘उथ्मान’चे ‘उस्मान’, असे दोन वळवलेले शब्द त्या संमेलनाच्या एका मांडवाखाली आले.

बाहेरच्या जगात महंमदची रूपे मोजता येणार नाहीत इतकी आहेत. तुर्कस्तानात मेहमेत, पश्चिम आफ्रिकेत मामादू, कच्छी बोलीत मामद. केरळचा ‘मम्मूटी’ हा महंमद कुट्टी. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ साली जन्मलेल्या मुलग्यांत मुहम्मद हे सर्वांत जास्त ठेवलेले नाव ठरले, ४,६६१ मुलांचे, आणि तेही एकाच वर्णलेखनाचे. मोहम्मद, मोहम्मेद अशी इतर रूपे तिथले सांख्यिकी कार्यालय वेगळी नावे म्हणून मोजते. त्या हिशेबाने मधुमतीचे वर्गीकरण कुठल्या रकान्यात झाले असते ते सांगणे कठीण आहे.

संजाण आज गुजरातेत, वलसाड जिल्ह्यात आहे. तिथे २००२ ते २००४ या काळात झालेल्या उत्खननात निळसर-हिरव्या झिलईची पश्चिम आशियाई खापरे आणि चिनी मातीची भांडी मिळाली, म्हणजे ताम्रपटात दिसणारे गजबजलेले बंदर मातीतही दिसले. पण मधुमतीचे नाव खापरांनी सांगितले नसते. ते तांब्याच्या पत्र्यामुळे कळले, आणि असे पत्रे पूर्वी भांडीवाल्याकडे मोडीत गेल्याची उदाहरणे कोकणात कमी नाहीत. वसईपासून तलासरीपर्यंत शेत नांगरताना, विहीर खणताना किंवा इमारतीचा पाया घेताना अक्षरे कोरलेला पत्रा, गधेगाळ (शाप कोरलेली शिळा) किंवा दगड हाती लागला तर तो घासूनपुसून लख्ख करू नका, विकूही नका. १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे अशा वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्याला देणे बंधनकारक आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पासून वेगळा झाला आहे, तेव्हा त्यासाठी आता ठाण्याला जावे लागत नाही.